सर्व्हरवरून एफएफएमपेग चालवताना माझं काय काय झालं (माझा अनुभव)

काम तसं किरकोळ होतं. युजर व्हिडिओ अपलोड करणार, आपण त्याचा थंबनेल काढायचा आणि एक छोटी एमपी४ बनवायची. पायथनमधून सबप्रोसेसने (दुसरा प्रोग्राम सुरू करायचं पायथनचं मॉड्यूल) एफएफएमपेगला, म्हणजे व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामला, हाक मारली की झालं, अर्ध्या दिवसाचं काम असं मी स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) सांगून बसले. तो अर्धा दिवस पुढे दीड महिना चालला.

पहिलं व्हर्जन म्हणजे कमांडची एक लांबलचक स्ट्रिंग, मध्ये युजरच्या फाइलचं नाव चिकटवलेलं आणि शेल=ट्रू, म्हणजे ती स्ट्रिंग आधी शेलकडे, कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, जाते. माझ्या लॅपटॉपवर सगळं मस्त चालत होतं, कारण माझ्या टेस्ट फाइल्सची नावं शहाण्यासारखी होती. सर्व्हरवर पहिल्याच दिवशी कोणीतरी नावात कंस असलेली फाइल टाकली आणि शेल सिंटॅक्स एरर देऊन मोकळा. तिथेच थांबून विचार करायला हवा होता. मी काय केलं, तर नावाभोवती डबल कोट्स लावले आणि पुढे गेले. मग टीममधल्या एकाने डॉलरचं चिन्ह, कंस आणि कंसात "स्लीप २०" अशा नावाची फाइल अपलोड केली, माझ्याकडे बघून हसला, आणि रिक्वेस्ट बरोब्बर वीस सेकंद लटकली. डॉलर-कंसातलं शेलला कमांड वाटतं (स्लीप २० म्हणजे वीस सेकंद थांब) आणि डबल कोट्सच्या आतही तो ते चालवतोच. स्लीपच्या जागी त्याने काहीही लिहिलं असतं.

त्यानंतर शेल बंद. प्रत्येक आर्ग्युमेंट लिस्टमध्ये वेगळं, प्रोग्रामचा पूर्ण पाथ, आणि फाइलला आपण ठरवलेलं रँडम नाव, युजरने दिलेलं नाव फक्त डेटाबेसमध्ये दाखवण्यापुरतं. शेल नसला तरी डॅशने सुरू होणारं नाव प्रोग्रामला ऑप्शन वाटू शकतं, म्हणून इनपुट नेहमी स्लॅशने सुरू होणारा पूर्ण पाथ. बरं, आपण शेल टाळला म्हणून आतला प्रोग्राम टाळेलच असं नाही हं. २०१६ साली इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये जी गाजलेली भानगड निघाली ती हीच, चित्राच्या फाइलमधला मजकूर आतल्या आत शेलपर्यंत पोचत होता. एफएफएमपेगही फाइलचा फॉरमॅट एक्स्टेंशनपेक्षा आतल्या मजकुरावरून ओळखायला बघतो, त्यामुळे एमपी४ म्हणून प्लेलिस्ट (दुसऱ्या फाइल्सच्या पत्त्यांची यादी) आली तर तो तिच्यातले पत्ते उघडायला जाऊ शकतो. आम्ही इनपुट फॉरमॅट आणि प्रोटोकॉल (पत्ता कोणत्या मार्गाने उघडायचा ते) दोन्ही आपल्या बाजूने ठरवून टाकले आणि सर्व्हरवरच्या ज्या युजरखाली एफएफएमपेग चालतो त्याला नेटवर्कच दिलं नाही.

आता खरा छळ. काही व्हिडिओ अडकायचे, एरर नाही, काही नाही, नुसतं फिरत राहायचं. पीएस (चालू प्रोसेसेसची यादी देणारी कमांड) मारलं तर एफएफएमपेग झोपलेला, सीपीयू शून्य. दोन दिवस मी कोडेकला (व्हिडिओ उलगडणाऱ्या कोडला) शिव्या घातल्या. शेवटी एसट्रेस (प्रोग्राम सिस्टमकडे काय मागतोय ते दाखवणारं टूल) लावला तर एफएफएमपेग एका राइटवर अडकलेला, स्टँडर्ड एररवर (प्रोग्रामच्या तक्रारी जिथून बाहेर येतात तिथे) लिहायला बघतोय आणि समोरून कोणी वाचतच नाहीये. मी एरर पाइपला (एका प्रोसेसचं लिहिलेलं दुसरीकडे नेणाऱ्या नळीला) जोडला होता आणि नुसतं वेट करत बसले होते. लिनक्सवर पाइपचा बफर साधारण ६४ केबी असतो, तो भरला की लिहिणारा थांबतो. मी एफएफएमपेग संपायची वाट बघतेय, तो मी वाचायची वाट बघतोय! चांगल्या फाइलला एफएफएमपेग कमी बडबड करतो म्हणून भागत होतं, खराब फाइलला एररचा पाऊस. पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये याबद्दल ठळक वॉर्निंग आहे, ती मी नंतर वाचली. आता कम्युनिकेट (वाट बघताना पाइपही वाचत राहणारं फंक्शन) वापरते, लॉग लेव्हल फक्त एरर, आणि इनपुट नल डिव्हाइसला (कायम रिकाम्या फाइलला), कारण हा बाबा इनपुटवर कीबोर्डची पण वाट बघतो.

टाइमआउटची गंमत वेगळीच. गुनिकॉर्न (आमचा पायथनचा वेब सर्व्हर) डिफॉल्टने ३० सेकंद गप्प राहिलेला वर्कर (रिक्वेस्ट सांभाळणारी प्रोसेस) मारतो, वर्कर गेला पण एफएफएमपेग जिवंत, अनाथ होऊन प्रोसेस नंबर १ च्या (सिस्टमच्या पहिल्या प्रोसेसच्या) ओटीत. सकाळी बघितलं तर अशा पोरक्या प्रोसेसेसनी सगळे कोर खाऊन टाकलेले. मग सबप्रोसेसला टाइमआउट दिला, तरी तेच, कारण मध्ये एफएफएमपेग सुरू करणारी एक छोटी रॅपर स्क्रिप्ट होती, टाइमआउट झाल्यावर मरायची ती स्क्रिप्ट आणि तिचं पोर चालूच, वर पाइप धरून बसलेलं म्हणून माझं फंक्शनही परत येईना. उपाय असा की प्रोसेस नव्या सेशनमध्ये सुरू करायची आणि मारताना अख्ख्या ग्रुपला मारायचं, आधी टर्म (थांबायची विनंती), पाच सेकंद थांबून किल (सक्तीने मारणं), आणि मारल्यावर वेट करायचंच, नाहीतर प्रोसेस टेबलात झोंबी (मेलेल्या पण यादीत उरलेल्या प्रोसेसेस) साठतात. प्रोसेस सुरू करायला एक ओळ, मारायला माझ्या फाइलमध्ये चाळीस.

हे सगळं रिक्वेस्टच्या आत करणंच चूक होतं हे मान्य करायला मला फार वेळ लागला. आता रिक्वेस्ट फक्त क्यूमध्ये (कामांच्या रांगेत) काम टाकते, वेगळा वर्कर एका वेळी दोनच व्हिडिओ घेतो, वेगळ्या युजरखाली, मेमरी आणि सीपीयूला लिमिट. एन्व्हायर्नमेंट (प्रोसेसला सुरू होताना मिळणारी सेटिंग्ज) पण कोरं देतो, आधी आमचा डेटाबेसचा पासवर्ड एफएफएमपेगलाही मिळत होता, त्याला काय करायचाय तो!

आणि हो, एक्झिट कोड (प्रोसेस संपल्यावर मिळणारा आकडा, शून्य म्हणजे सगळं ठीक) बघा. उणे ९ आला म्हणजे कोणीतरी किल केलंय, आमच्याकडे बहुतेकदा मेमरी संपली म्हणून कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने). त्या वेळी अर्धवट फाइल डिस्कवर असतेच, आम्ही काही दिवस तीच युजरला दाखवत होतो. आता आउटपुट टेम्पररी नावाने लिहितो आणि कोड शून्य आला तरच रिनेम करतो.

त्या स्लीपवाल्या नावाची फाइल टेस्टमध्ये ठेवली आहे. प्रत्येक रिलीजला ती अपलोड होते आणि व्हिडिओ नाही म्हणून नाकारली जाते, वीस सेकंद न थांबता.