तुम्ही विचारलंत म्हणून: उंदीर जगले, मग आमचा माणूस?

घरात एएलएसचा, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराचा, रुग्ण असलेली माणसं मला हमखास विचारतात, "ग्रोथ फॅक्टरने उंदीर जास्त जगले म्हणे, मग आमच्या माणसाला ते का देत नाहीत?" मी असे उंदीर काही वर्षं सांभाळलेत, म्हणून मलाच विचारतात.

आधी 'जास्त जगले' म्हणजे काय ते सांगते. काही रुग्णांत एएलएसला कारण ठरणारा, माणसाचा सदोष एसओडी-१ जनुक घातलेले उंदीर १९९४ पासून वापरात आहेत. शेपटीला धरून उचललं की निरोगी उंदीर मागचे पाय ऐसपैस फाकवतो. आजार सुरू झाला की तेच पाय थरथरतात, पुढे पोटाशी आखडतात. मग खाणं भिजवून पिंजऱ्याच्या तळाशी ठेवायचं, कारण त्याला वर पोहोचता येत नाही. शेवटी त्याला कुशीवर ठेवायचं आणि घड्याळ लावायचं. ३० सेकंदांत सरळ होता आलं नाही, तर तो त्याचा शेवटचा दिवस. शोधनिबंधातल्या जगण्याच्या आलेखातली रेघ म्हणजे हा दिवस किती लांबला, एवढंच. ते घड्याळ मी अनेकदा हातात धरलंय. दरवेळी वाटायचं, ऊठ रे बाबा.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे चेतापेशींना तगवून धरणारी प्रथिनं. २००३ साली त्यांतल्या आयजीएफ-१चा जनुक निरुपद्रवी विषाणूत भरून उंदरांच्या स्नायूंत टोचला. तिथून तो चेतातंतूतून उलटा चढत पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत गेला. लक्षणं दिसण्याआधी दिला तेव्हा उंदीर साधारण ३७ दिवस जास्त जगले, लक्षणांच्या सुमारास दिला तेव्हा २२. माझं उत्तर या फरकातच आहे. आपला माणूस डॉक्टरकडे जातो तो हातातून कप निसटायला लागल्यावर.

आणि माणसांना विषाणू नाही, त्वचेखाली प्रथिनाचं इंजेक्शन दिलं गेलं. रक्तातून ते मज्जारज्जूपर्यंत फारसं पोहोचतच नाही. बीडीएनएफ हे असंच दुसरं प्रथिन हजाराहून अधिक रुग्णांना देऊन पाहिलं, आयजीएफ-१ ३३० जणांना. गुण आला नाही. सीएनटीएफ या तिसऱ्याने तर भूक मेली, वजन उतरलं.

मला सगळ्यात जास्त लागलेला निकाल मात्र २००७चा. आजारी उंदरांच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या रॅट्सच्या, मज्जारज्जूत जीडीएनएफ हा आणखी एक ग्रोथ फॅक्टर बनवणाऱ्या पेशी सोडल्या. तिथल्या मोटर न्यूरॉन, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या, पेशी वाचल्या, पण त्यांचे तंतू स्नायूपासून सुटलेलेच राहिले. पाय काही उचलेना. पेशी जगवणं आणि हालचाल टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे तेव्हा मला पुरतं कळलं.

म्हणून कुटुंबांना मी ग्रोथ फॅक्टरची वाट पाहायला सांगत नाही. जनुक तपासणीबद्दल न्यूरोलॉजिस्टना विचारा, असं सांगते. एसओडी-१चा दोष असणारे थोडेच असतात, पण त्यांच्यासाठी २०२३ साली टोफरसेन या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली. ते त्या सदोष प्रथिनाचं उत्पादनच कमी करतं. आणि ज्यांना दोष आहे पण लक्षणं अजून नाहीत, अशांनाही ते आधीच देऊन पाहणारी चाचणी २०२१ साली सुरू झालीय.