अटलांटिकपार हशा

ब्रिटिश विनोद अमेरिकन प्रेक्षकाच्या डोक्यावरून जातो, असं लंडनच्या नाट्यवर्तुळात फार आत्मविश्वासाने बोललं जातं. एखादं संगीत प्रहसन न्यूयॉर्कला आपटलं की हे निदान तयारच असतं. नाटकातच काही कमी होतं का, हा प्रश्न मग कुणाला विचारावा लागत नाही.

इतिहास मात्र या निदानाला फारशी साथ देत नाही. लेखक गिल्बर्ट आणि संगीतकार सलिव्हन यांचं 'एच.एम.एस. पिनाफोर' लंडनच्या रंगमंचावर आलं ते मे १८७८मध्ये. नोव्हेंबरात ते बॉस्टनला सुरू झालं, तेही लेखक-संगीतकाराला न विचारता. पुढे अमेरिकेत त्याचे दीडशेच्या आसपास विनापरवाना संच उभे राहिले. एकट्या न्यूयॉर्कमध्ये एकाच वेळी आठ थिएटरांत 'पिनाफोर' चालू होतं. परदेशी लेखकाला अमेरिकेत कॉपीराइटचं संरक्षण मिळालं ते १८९१च्या कायद्याने, त्यामुळे तोवर सगळा मामला फुकटचा. ज्यांच्या डोक्यावरून जातं असं आपण म्हणतो, त्यांनी ते चोरून, आठ-आठ ठिकाणी लावून पाहिलं.

मूळ मंडळींनी यातून धडा घेतला आणि पुढचं नाटक, 'द पायरेट्स ऑफ पेन्झन्स', थेट न्यूयॉर्कलाच उघडलं, ३१ डिसेंबर १८७९ला. इंग्लंडमधले हक्क शाबूत राहावेत म्हणून आदल्या दिवशी डेव्हनमधल्या पेंटन गावी एक प्रयोग उरकून घेतला. नटांच्या हातात संहितेचे कागद, अंगावर 'पिनाफोर'मधल्या खलाशांचेच कपडे, आणि चाचे दिसावेत म्हणून डोक्याला रुमाल! तिकडे सलिव्हन पहिल्या अंकाची टिपणं इंग्लंडमध्येच विसरून आला होता. तो अंक त्याने न्यूयॉर्कला बसून आठवेल तसा पुन्हा लिहिला.

'पिनाफोर'मधला विनोद समुद्र ओलांडून गेला कसा, हे त्यातल्या एका गाण्यावरून कळतं. आरमारमंत्री सर जोसेफ आपली कारकीर्द गाऊन सांगतात. वकिलाच्या कचेरीत पोऱ्या म्हणून लागलो, दाराची पितळी मूठ घासूनपुसून लखलखीत ठेवली, आणि ती इतकी मन लावून घासली की आज मी राणीच्या आरमाराचा प्रमुख आहे. लंडनच्या प्रेक्षकाला यात डब्ल्यू. एच. स्मिथ दिसत होते. रेल्वे स्टेशनांवरच्या पुस्तकविक्रीत नाव काढलेले हे गृहस्थ १८७७ साली खरोखरच आरमारमंत्री झाले होते. बॉस्टनच्या माणसाला स्मिथ माहीत असण्याचं कारण नव्हतं आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नाही. मूठ घासण्यापासून आरमारापर्यंतची उडी त्याच कडव्यात पुरी होते. ज्याला चिमटा काढायचा तो माणूस गाण्याबाहेर असला तरी विनोद गाण्याच्या आत आहे.

ब्रिटिश संगीत प्रहसन अमेरिकेत चालेल का, हे पाहताना मी तरी पहिली कसोटी हीच लावीन. हसण्यासाठी लागणारं सामान नाटक स्वतः बरोबर आणतं, की प्रेक्षकाने ते घरून आणावं अशी त्याची अपेक्षा असते? वर्गभेद हे असं बरोबर नेता येणारं सामान आहे. बोलीवरून माणसाची पायरी ठरवणं ही इंग्रजांची खासियत खरी, पण ती रंगमंचावर दाखवली की कुणालाही कळते. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून अमेरिकन लेखक-संगीतकारांनी केलेलं 'माय फेअर लेडी' १९५६पासून ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, २,७१७ प्रयोग चाललं. आणि त्याच गोष्टीतून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' उभी केली तेव्हा मराठी प्रेक्षकाला कॉकनी, म्हणजे लंडनच्या कामकरी वस्तीची बोली, शिकावी लागली नाही.

दुसरी कसोटी आकाराची. माझ्या मते बोलीपेक्षा आकारानेच जास्त नाटकं बुडवली आहेत. 'सॅलड डेज' ब्रिस्टल ओल्ड व्हिकने १९५४च्या उन्हाळ्यात थोड्या दिवसांसाठी बसवलं होतं. एक जादूचा पियानो आहे, तो वाजला की बागेतला पोलीस आणि बिशपसुद्धा नाचायला लागतो, एवढीच गोष्ट. साथीला मुख्यतः दोन पियानो. लंडनमध्ये त्याचे २,२८३ प्रयोग झाले. न्यूयॉर्कला ते १९५८मध्ये गेलं आणि ८० प्रयोगांत आटोपलं. त्यातल्या विनोदात न कळण्याजोगं काय आहे? पियानो वाजतो, बिशप नाचतो. पण 'आम्ही आपले हौशी, चूकभूल देणे घेणे' हा जो सूर लंडनकरांना गोड वाटला, तो न्यूयॉर्कच्या तिकीटदरात बसेना. समोर दोन पियानो पाहिले की तिथला प्रेक्षक उरलेला वाद्यवृंद शोधू लागतो.

त्याच काळातलं 'द बॉय फ्रेंड'. सँडी विल्सनने १९५३मध्ये प्लेयर्स थिएटर या छोट्या क्लबसाठी लिहिलेली, विसाच्या दशकातल्या नाटकांची ही लाडिक नक्कल. १९५४मध्ये ब्रॉडवेला नेताना अमेरिकन निर्मात्यांनी वेग वाढवला, वाद्यं वाढवली, हावभाव ठसठशीत केले. वादावादी होऊन विल्सन आणि दिग्दर्शिका व्हिडा होप यांना तालमीला यायचीच बंदी झाली. लेखकावर अन्याय झाला यात शंका नाही. पण नाटक ४८५ प्रयोग चाललं आणि ज्युली अँड्र्यूज नावाची मुलगी अमेरिकेला ठाऊक झाली. तिला निर्माता साय फ्युअरने दिलेला सल्ला तिने पुढे आत्मचरित्रात नोंदवला आहे. त्याचा मथितार्थ असा, की नक्कल करू नकोस, पॉली (तिने केलेली नायिका) जे बोलते ते मनापासून खरं मानून बोल. मला तरी हे त्या सगळ्या फेरफारातलं सर्वांत शहाणं वाटतं. भोवती कितीही टवाळी चालू दे, मध्यभागी एक माणूस तरी गंभीर हवा. अमेरिकन संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला नायक-नायिकेला काय हवंय ते पहिल्या वीस मिनिटांत गाण्यातून ऐकायची सवय आहे. ते मिळालं की पुढे तो कशालाही हसायला तयार असतो.

तालमीच्या पातळीवर हे स्थलांतर अगदी बारीकसारीक असतं. विनोदी गाण्यात जिथे हशा अपेक्षित असतो तिथे संगीतकार 'व्हॅम्प' ठेवतो, म्हणजे एक-दोन मात्रागटांचा तुकडा. हशा ओसरेपर्यंत वाद्यवृंद तोच घोळवत राहतो आणि संगीत संचालक नटाकडे बघून पुढची ओळ सोडतो. लंडनला ज्या ओळीवर हशा येई तिथे न्यूयॉर्कला आला नाही, की हा व्हॅम्प उघडा पडतो. उलट अनपेक्षित जागी हशा आला की पुढची ओळ त्यात बुडते, आणि तीच पुढच्या विनोदाची पूर्वतयारी असली तर दोन विनोद एकदम जातात. भरधाव शब्दांच्या गाण्यात हे हमखास होतं. म्हणून समीक्षकांना बोलावण्याआधीच्या पूर्वप्रयोगांत, दुपारी तालीम आणि रात्री प्रयोग अशा पद्धतीने, हे तुकडे सरकवत राहायचं आणि मग संहिता गोठवायची. दुसरी गोष्ट 'बटण'. गाण्याच्या शेवटी ठाशीव स्वर, त्याच क्षणी प्रकाशाचा झटका, आणि टाळी. जुन्या ब्रिटिश प्रहसनांतली गाणी पुष्कळदा संवादात विरघळून जातात. अमेरिकन प्रेक्षकाला बटण दिलं नाही तर तो टाळ्यांसाठी उचललेले हात खाली घेतो आणि गाणं पडलं असं वाटतं. शिवाय नावाजलेला नट रंगमंचावर येताच तिथे टाळ्या पडतात. त्याचं पहिलंच वाक्य कथेला आवश्यक असेल तर ते कुणालाही ऐकू येत नाही, मग वाक्य तरी हलवावं लागतं नाहीतर नट.

हे सगळं जमलेलं नाटक म्हणजे 'मी अँड माय गर्ल'. १९३७मध्ये लंडनला व्हिक्टोरिया पॅलेसमध्ये लागलं, १,६४६ प्रयोग झाले. कोपरं फाकून ऐटीत चालायचं, अंगठा खांद्यावरून मागे फेकायचा आणि 'ऑय!' म्हणून ओरडायचं, हा त्यातला 'लॅम्बेथ वॉक' १९३८मध्येच अमेरिकेत पोचला. नाटकाला मात्र ब्रॉडवे गाठायला १९८६ उजाडलं. मधल्या काळात स्टीफन फ्रायने संहिता घासूनपुसून घेतली आणि मूळ संगीतकार नोएल गेची दुसरीकडची लोकप्रिय गाणी आत आणली. मार्क्विस हे नवं थिएटर याच नाटकाने उघडलं आणि तिथे १,४२० प्रयोग झाले. नायक झालेल्या रॉबर्ट लिंडसेला टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा सर्वांत मानाचा पुरस्कार, मिळाला. लंडनच्या लॅम्बेथ या गरीब वस्तीतला उडाणटप्पू एकाएकी अर्ल होतो, सरदारी झग्यात पाय अडकून धडपडतो. याला कोण हसणार नाही?

उलट बाजूला 'बाय जीव्ज'. अँड्र्यू लॉइड वेबर आणि अॅलन एकबोर्न ही वजनदार नावं, विनोदी लेखक वुडहाउसची पात्रं, आणि तरी २००१मध्ये ब्रॉडवेवर ७३ प्रयोग. ११ सप्टेंबरनंतर काही आठवड्यांतच ते उघडलं, हे त्याचं दुर्दैव धरलंच पाहिजे. पण गावच्या हॉलमध्ये खोकी-खुर्च्या जुळवून मोटारगाडी करायची, ही त्यातली गंमत पुन्हा 'सॅलड डेज'च्याच घराण्यातली.

'मटिल्डा'चं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. लंडनला २०११पासून ते दहा वर्षांहून अधिक चाललं, ब्रॉडवेवर २०१३ ते २०१७च्या पहिल्या दिवसापर्यंत. हे अपयश म्हणता येणार नाही, पण दोन्हीकडची मापं वेगळी आहेत. क्रूर मुख्याध्यापिका मिस ट्रंचबुल पुरुष नटाने करायची, ही ब्रिटिश नाताळी पँटोमाइमची परंपरा. तिथे साडीतल्या, आपलं, झग्यातल्या पुरुषाला लहानपणापासून हसलेला प्रेक्षक बसलेला असतो. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाकडे ती शिदोरी नाही, तरी बर्टी कार्व्हेलची ट्रंचबुल तिथे चालली, कारण तिची दहशत खरी होती. शाळेच्या गाण्यात तर कमालच आहे. मोठी मुलं नवख्यांना घाबरवत असतात आणि त्या ओळींत ए-बी-सी-डी क्रमाने लपलेली असते. फाटकात एकेक अक्षर बसू लागलं की प्रेक्षकाच्या ध्यानात येतं. शेवटचं अक्षर 'फिज-एड', म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या तासात दडवलेलं आहे. ते 'झेड' म्हणणाऱ्यालाच सापडतं. अमेरिका म्हणते 'झी'. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट म्युझिकलचं टोनी मिळालं 'किंकी बूट्स'ला. ते नॉर्थहॅम्प्टनच्या जोड्यांच्या कारखान्याची गोष्ट सांगत होतं, पण अमेरिकनांनीच बांधलेलं होतं. ब्रिटिश विषयाला अमेरिकेचं वावडं नाही, हे एवढ्यावरून तरी मान्य व्हावं.

मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूच्या चित्रपटावरून केलेलं 'स्पॅमलॉट' मी या हिशेबात धरत नाही. हा चमू १९७४पासून अमेरिकन सार्वजनिक टेलिव्हिजनवर होता, आणि नाटकही अमेरिकेतच घडवलेलं. तिथले लोक पाठ असलेले विनोद ऐकायला आले होते.

अलीकडचं सर्वांत शिकण्याजोगं उदाहरण 'ऑपरेशन मिन्समीट'चं. १९४३मध्ये ब्रिटिश गुप्तहेर खात्याने एका प्रेताला अधिकाऱ्याचा गणवेश आणि खोटी कागदपत्रं देऊन स्पेनच्या किनाऱ्याजवळ सोडलं आणि हिटलरला चकवलं, ती ही खरी गोष्ट. पाच नट, ढीगभर भूमिका, उच्चभ्रू शाळांत शिकलेल्या साहेबांची रेवडी. म्हटलं तर अस्सल स्थानिक माल. पण साहेबांचा तोरा पहिल्याच गाण्यात मांडलेला असतो, त्यामुळे ईटन ही त्या साहेबांची शाळा कुठे आहे हे माहीत नसलं तरी चालतं. आणि मध्यभागी तो गंभीर माणूस आहे. त्या प्रेताच्या खिशात ठेवायला प्रेयसीचं खोटं पत्र हवं असतं. तरुण टंकलेखिकेला ते साधत नाही, आणि मग हेस्टर लेगट ही वयस्क सेक्रेटरी 'डिअर बिल' म्हणून सुरुवात करते. बागेतल्या, घरातल्या साध्यासुध्या गोष्टी. हळूहळू कळतं की असं पत्र तिने पूर्वी, मागच्या महायुद्धात, खरोखरच कुणालातरी लिहिलेलं आहे. ही भूमिका जॅक मलोनने केली, पण पुरुषाने बाईचं काम करण्याची एकही जागा त्याने हशासाठी वापरली नाही. २०२४मध्ये ऑलिव्हिए (लंडनच्या रंगभूमीचा मानाचा पुरस्कार) आणि २०२५मध्ये टोनी, दोन्ही पुरस्कार त्याला याच कामासाठी मिळाले.

निर्मात्यांनी आकारही जपला. २०१९मध्ये न्यू डायोरामाच्या ८० खुर्च्यांपुढे सुरू झालेलं नाटक लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर आणलं ते तिथल्या अगदी लहान थिएटरांपैकी एकात, फॉर्च्यूनमध्ये. ब्रॉडवेवर मार्च २०२५मध्ये गोल्डन घेतलं, सुमारे ८०० खुर्च्यांचं. दीड हजारांच्या सभागृहात शेवटच्या रांगेला हेस्टरचा चेहरा दिसला नसता.