दुसरा खेटा

आईचे जोतिबाचे तीन खेटे, म्हणजे रविवारी अनवाणी डोंगरावर चालत जायच्या वाऱ्या, राहिले होते. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले, तेव्हापासून जोतिबाचा विषय निघाला की ती गप्प बसते. म्हणून यंदा मी चालायचं ठरवलं. पहिला रविवार पहाटे चारला निघून निभावला. दुसऱ्या रविवारी तिची औषधं, घरातलं आवरणं यात कोल्हापूरच्या शिवाजी पुलावरच आठ वाजले. पहाटे गेलेली माणसं गुलालानं माखून परत येत होती. “चांगभलं!” ती म्हणाली, मीही म्हणाले, पण जीव नुसता चिडलेला.

केदारनाथाला, म्हणजे जोतिबाला, माघारी आणायला अंबाबाई करवीरातून अनवाणी चालत गेली, म्हणून आपणही अनवाणी जायचं. दिशा तीच, फक्त आता डांबर आहे, आणि अकराच्या पुढं ते तव्यासारखं तापतं. वडणगे गेलं, निगवे गेलं. उसाच्या ट्रॉल्या अंगावरून जायच्या, मी कडेच्या खडीत उतरायची. कुशिऱ्याच्या पुढं डाव्या टाचेला फोड आला. मागून स्पीकर लावलेला एक टेम्पो हळूहळू येत होता. देवाचंच गाणं, पण इतक्या मोठ्यानं की नाव घ्यायला मन जागेवर राहीना.

गायमुखाला पोचले आणि तळं दिसलं.

डोंगराच्या कुशीत ते पाणी एवढं निवांत होतं, की मी कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. वरच्या उताराची सावली निम्म्या पाण्यावर आली होती. कडेला मात्र पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या, फुटलेले ग्लास. इथवर अनवाणी यायचं आणि देवाच्या पायाशी हे टाकून जायचं? मला रडू आलं. फोडामुळं की त्या कचऱ्यामुळं, कोण जाणे. दोन बाटल्या उचलल्या आणि तिथंच बसले.

“पाय बुडवू नगंस गं त्यात. चिघळंल.”

दगडावर एक आजी बसल्या होत्या. हिरवं लुगडं, कपाळभर गुलाल. मी पाय मागं घेतला.

“दाव बघू.”

“राहू द्या आजी, पायाला कशाला हात लावताय?”

“मग काय डोळ्यानं तेल लावू? आण हिकडं.”

त्यांनी माझी टाच मांडीवर घेतली. पदरानं माती पुसली, फोड न फोडता भोवतीनं बोट फिरवलं. मग कमरेच्या पिशवीतून लहानशी बाटली काढली. गोडेतेल होतं.

“हे दिव्याचं असंल ना आजी?”

“व्हय. देवाच्याच दिव्याचं हाय.” बोट थांबलं नाही. “मी पयल्यांदा आलतो तवा माझ्या सासूनं असंच लावलंतं. हितंच, ह्याच तळ्याला.”

जुन्या लुगड्याची चिंधी टाचेला गुंडाळली, खोबऱ्याची अर्धी वाटी हातात दिली. गाव विचारलं तर म्हणाल्या, “लांब हाय,” आणि सोबतच्या बायकांमागं चढायला लागल्या. मी उठेपर्यंत दिसेनाशा झाल्या.

वर दर्शनाची रांग दीड तास. राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेल्या त्या काळ्या दगडी देवळाची पायरी गार लागली, बरं वाटलं. गाभाऱ्यापुढं क्षणभरच उभं राहता आलं. आईचं नाव घेतलं, माझं मागायचं राहिलं. यमाईला जाऊन आले. दिव्यांपाशी, रांगेत, सगळीकडं हिरवं लुगडं शोधत होते. दुकानातून गोडेतेल घेऊन दिव्यात घातलं. समोर पन्हाळा उन्हात धुरकट दिसत होता.

घरी आले तर आई उंबऱ्यातच बसलेली. मी प्रसाद तिच्या हातावर ठेवला. तिनं तो डोळ्यांना लावला, चिंधीकडं पाहिलं, पण पायाचं काहीच विचारलं नाही.

“गायमुखाला पाणी किती हाय गं?”

“भरपूर आहे,” मी म्हणाले, आणि तिच्याशेजारी बसून चिंधी सोडायला लागले.