पोटातला बार

या हंगामातला शेवटचा शिकाऊ परत गेला, तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय.

परदेशात, जिथे शिकारीला मुभा आहे, तिथे परवाना काढून आलेल्या नवख्यांना रानात नेऊन शिकार शिकवणं हे माझं काम. लोकांना वाटतं आम्ही नेम शिकवतो. कागदावरचा नेम कुणालाही जमतो. आमचा दिवस जातो वारा बघण्यात, गप्प बसण्यात आणि "नको, मारू नकोस" हे कुजबुजण्यात.

हा मुलगा गुणी होता. बार टाकायचं ठरेपर्यंत घोड्यावर बोट न्यायचं नाही, सावजामागे मातीचा उतार दिसल्याशिवाय मारायचं नाही, हे एकदाच सांगावं लागलं. सकाळी हरीण आडवं उभं राहिलं. "फऱ्यामागे धर," म्हणालो, म्हणजे पुढच्या पायाच्या खांद्यामागे, छातीवर. त्यानं घोडा ओढला आणि नेमकं त्याच क्षणी हरणानं पाऊल पुढे टाकलं.

छातीत बसला की जनावर उधळतं. हे पाठीला पोक काढून सावकाश झाडीत शिरलं. माझ्याच पोटात गोळा आला.

बाराच्या जागी गुडघ्यावर बसून त्याला दाखवलं. फुप्फुसाचं रक्त गुलाबी, बुडबुड्यांचं. तिथे अर्धा तास थांबलं की पुरे. काळपट लाल असेल तर यकृताचं, तीन-चार तास. इथे पानावर पाणचट रक्त, त्यात हिरवट चोथा आणि आंबूस वास. शेजारी पोटाकडचे जाड पांढरे केस. म्हणजे सहा तास तरी हलायचं नाही. डिवचलं नाही तर असं जनावर जवळच बसतं आणि तिथेच संपतं. उठवलं तर कुठल्या कुठे जातं, शिवाय आतडं आणि चरबी भोकात अडकून रक्तही गळेनासं होतं. परवान्याच्या पुस्तकात या सगळ्याला एखादं पान असतं, बंदुकीच्या भागांना वीस.

उस्तादांनी मला अशाच एका बारानंतर दिवसभर झाडाखाली बसवलं होतं. मी उठलो की बाही धरून खाली ओढायचे, बोलायचे नाहीत. हरीण दीडशे पावलांवर मिळालं.

पण त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. आमच्या डोक्यावर ढग दाटलेले. मुलगा म्हणाला, "सर, पावसानं माग धुतला तर?" दीड तासानं मी उठलो. त्याच्यामुळे नाही, मलाच बसवेना.

दोनशे पावलांवर पुढे काटक्या मोडल्या. हरीण उठलं होतं. त्यानंतर रक्ताचा एक थेंब नाही. पाऊस आला तो दुपारी, भुरभुर, झाडाखालची पानंही भिजली नाहीत.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी सापडलं. पोट फुगलेलं, मांस वाया गेलेलं. मुलानं परवान्यासोबतचा टॅग हरणाला लावला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. आमच्यातला एकजण नंतर म्हणाला, माग काढणारा कुत्रा मागवायचा होता. बरोबरच होतं, पण या गड्याला दुसऱ्याच्या शिकारीवर अक्कल पाजळायला बरा वेळ मिळतो.

निघताना मुलाची वही उघडी दिसली. नीट अक्षरात लिहिलं होतं: "पोटातला बार, सहा तास. ढग असतील तर लगेच निघावे."

खोडून टाक म्हणणार होतो. मग खाली काय लिही म्हणून सांगायचं, ते सुचेना.