मटशी पहिली ओळख

मट हा टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांत आज्ञा लिहायच्या खिडकीत, चालणारा मेलचा प्रोग्राम. तिथे ‘मट’ लिहून एंटर दाबलं की स्वागत वगैरे काही होत नाही. टपाल ठेवायला फोल्डर नाहीये, करू का, एवढंच तो विचारतो. हो म्हटलं की रिकामा पडदा. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या या प्रोग्रामचं ब्रीदही तसंच फटकळ आहे: मेलचे सगळेच प्रोग्राम टाकाऊ, हा त्यातल्या त्यात कमी!

मग मटआरसी नावाची सेटिंग्जची साधी फाइल उघडायची आणि एकेक ओळ लिहायची. आलेली मेल दाखवणारा आयमॅप सर्व्हर वेगळा, पोर्ट (म्हणजे त्याच्या दाराचा नंबर) ९९३. मेल पाठवणारा एसएमटीपी वेगळा, पोर्ट बहुधा ५८७. घरी येणारा पोस्टमन आणि नाक्यावरची लाल पेटी यांचा जेवढा संबंध, तेवढाच यांचा. फोनवरच्या ॲपमध्ये हे दोघं एकाच बटणामागे दडलेले असतात, म्हणून आपल्याला कधी पत्ताच लागत नाही. जीमेल असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. तो फाइलीत उघडा लिहिणार असाल, तर फाइलीची परवानगी ६०० करा, म्हणजे बाकीच्या युजर्सना ती वाचता येणार नाही.

मला खरी गंमत वाटली ती पाठवणाऱ्याचं नाव सांगणाऱ्या ‘रिअलनेम’च्या ओळीत. तिथे नाव बिनधास्त देवनागरीत लिहावं. मेलच्या मथळ्यात (हेडरमध्ये, जिथे पाठवणाऱ्याचं नाव असतं) जुन्या नियमाप्रमाणे रोमन अक्षरं, आकडे आणि काही चिन्हंच चालतात, म्हणून मट त्या नावाला त्यांचाच वेष चढवून पाठवतो. पलीकडच्या प्रोग्रामने तो उतरवला की नाव पुन्हा जसंच्या तसं. टर्मिनल मात्र इतकं समजूतदार नसतं. प्रत्येक अक्षराला सारख्या मापाची चौकट देण्याच्या हट्टापायी ते काना-वेलांट्यांची ओढाताण करतं आणि जोडाक्षरांची तर पार दैना. मराठी मेल वाचायची तर टर्मिनल निवडून घ्यावं, मटला दोष देऊ नये.

एचटीएमएल, म्हणजे वेबपानासारख्या सजवलेल्या मेलसाठी, कुठली फाइल कशाने उघडायची ते सांगणाऱ्या मेलकॅप फाइलीत डब्ल्यूथ्रीएम या टर्मिनलमधल्या ब्राउझरची ओळ घातली की फक्त मजकूर उरतो. चित्रं उतरत नाहीत, त्यामुळे मेल कधी उघडली हे पाठवणाऱ्याला कळवणारं अदृश्य ठिपक्याएवढं चित्रही उतरत नाही. दिवाळी सेलची झगमगती मेल उघडावी, तर आत एकच ओळ असते: चित्र दिसत नसल्यास इथे क्लिक करा.