दोन राजवाडे, एक नोंद

पीएच.डी. करणारी एक मुलगी आमच्या ग्रंथालयाच्या काउंटरवर आली. म्हणाली, "सर, इतिहासाचार्य राजवाड्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं होतं?" शक्यच नाही, म्हटलं. लिहीन तर मराठीतच, असा ज्यांचा हट्ट, त्यांचं इंग्रजी पुस्तक येणार कुठून? तिनं मोबाइलवर आमचाच कॅटलॉग उघडून पुढे धरला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे, मृत्यू 1926. खाली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड, ज्ञानेश्वरी, आणि मधेच ऋग्वेदातल्या शब्दांवरचं 1932 सालचं इंग्रजी पुस्तक.

ते पुस्तक वैजनाथ काशिनाथ राजवाड्यांचं. हे विश्वनाथांचे थोरले भाऊ, फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक, निरुक्ताचे, म्हणजे वेदांतल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काच्या ग्रंथाचे, गाढे अभ्यासक. वडिलांचं नाव एक, आडनाव एक आणि इंग्रजीत आद्याक्षरंही तीच: व्ही. के.

जुन्या कार्डांवर हा घोळ नव्हता. ड्रॉवर काढून पाहिला. टाकानं लिहिलेली कार्डं. एका गठ्ठ्यावर ‘राजवाडे, वि. का.’, दुसऱ्यावर ‘राजवाडे, वै. का.’. फरक एका वेलांटीचा आणि दोन मात्रांचा, पण त्या काळच्या ग्रंथपालांनी तो जपला होता. पुढे ही कार्डं संगणकावर चढवायचं काम कंत्राटानं दिलं गेलं. दर नोंदीमागे पैसे, टायपिंग रोमनमध्ये. वि आणि वै दोन्हींचा व्ही झाला. मग कोणीतरी दोन्ही नावं एकत्र करून टाकली, बिलही निघालं.

आता हे वेगळं करायचं कसं? मृत्युवर्षावर विसंबता येत नाही, कारण विश्वनाथांचा धातुकोश छापूनच आला 1937 साली. विषयावरूनही कळत नाही. संस्कृत व्याकरण आणि शब्दांची व्युत्पत्ती यांत धाकटेही मुरलेले. भाषेचा उपयोग अर्धाच. इंग्रजी असेल तर थोरले, हे ठीक. पण मराठी म्हणजे धाकटे असं नाही, कारण थोरल्यांनी निरुक्त मराठीतही आणलं. उरते पदवी. आतलं शीर्षकपान उघडायचं, नावापुढे एम. ए. असेल तर वैजनाथ, विश्वनाथ बी. ए.वर थांबले. आम्हाला वर्गात शिकवलेला नियम मात्र असा, की नोंद करताना पदव्या गाळा!

म्हणजे प्रत्येक पुस्तक रॅकवरून काढून हातात घेणं आलं. सहकारी म्हणाला, "एकाच घरातले आहेत हो, काय बिघडतं?" हाच गृहस्थ पगारपत्रकावर स्वतःच्या नावातली एक मात्रा चुकली तर अर्ज घेऊन टेबलोटेबल फिरतो.

संध्याकाळपर्यंत दोन स्वतंत्र नावं उभी राहिली. संगणकातल्या नोंदीत पूर्ण नावासाठी जो रकाना असतो, सबफील्ड क्यू, त्यात आद्याक्षरांचा विस्तार टाकला, देवनागरी रूप जोडलं, आणि एका भावाकडून दुसऱ्याकडे ‘हेही पाहा’ची सोय केली.

एक तेवढं अडलं. मासिकातून काढून शिवलेली सुटी पानं, वेदातल्या शब्दांवरचा मराठी लेख. पहिलं पान गेलेलं, शेवटी नुसतं ‘राजवाडे’. प्रतिपक्षावरची आग वाचली की विश्वनाथ वाटतात. ऋचांचे क्रमांक ज्या शिस्तीनं दिलेत ते बघितलं की वैजनाथ. वरिष्ठ म्हणतात, इतिहासाचार्यांच्या नावावर टाका, निदान कोणी मागेल तरी. मी ते नुसत्या ‘राजवाडे’वर ठेवलंय. पानांच्या तळाशी फर्म्याचा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या जुडीचा, आकडा आहे आणि पृष्ठांकही सलग आहेत, तेव्हा जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांशी ताडून पाहतोय.

परवा वरिष्ठांच्या कानावर घातलं की वेदांवर लिहिणारे आहिताग्नी शंकर रामचंद्र राजवाडे हेही एक आहेत, तेव्हा उमेदवार तीन धरा. ते म्हणाले, "हे लेखी देऊ नका."