हळदीवर पीएचडी करायची असेल तर आधी कर्क्युमिन मोजायला शिका

सांगली-साताऱ्यात राहून विज्ञानात किंवा आरोग्य तंत्रज्ञानात पीएचडी करायची आणि विषय हळद निवडायचा, यात नवल काहीच नाही. सांगलीची बाजारपेठ हाताशी आहे, कसबे डिग्रजला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं हळद संशोधन केंद्र आहे, हरिपूरची पेवं (हळद साठवायची जमिनीखालची कोठारं) आहेत, आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, फार्मसी, बायोमेडिकल, कुठल्याही विभागात विषय बसतो.

अडचण कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याच्या, स्वभावात आहे. हा रेणू गडद रंगाचा आहे, प्रकाश टाकला की स्वतः चमकतो, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, विरघळवला तर टिकत नाही, आणि त्याचे गुण तपासायला आपण ज्या चाचण्या वापरतो त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांत स्वतःच लुडबुड करतो. सुंदर आलेख येतात, पण ते औषधी गुणाचे नसून रंगाचे असू शकतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पेशी, उंदीर, मलमपट्टी या सगळ्याच्या आधी मोजमाप पक्कं करा.

सुरुवात कॅलेंडरपासून. हळदीची लागवड अक्षय्य तृतीयेच्या सुमारास होते आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, आणि कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. कोर्सवर्क संपवून, विषय मंजूर करून घेऊन मग शेतात जायचं म्हटलं तर पहिला हंगाम हातचा गेलेला असतो, आणि पुढचा बारा महिन्यांनी येतो. दोन-तीन हंगामांची तुलना करायची असेल तर कोर्सवर्क चालू असतानाच पहिल्या काढणीचे नमुने गोळा करून ठेवावेत. विषयाची मांडणी नंतर थोडी बदलली तरी ते नमुने वाया जात नाहीत.

नमुना घेताना 'सांगलीची हळद' एवढं लिहून भागत नाही. जात कोणती (राजापुरी, सेलम, फुले स्वरूपा), जेठे गड्डे की बगल गड्डे की हळकुंडं, कायलीत शिजवली की वाफेच्या बॉयलरमध्ये, किती मिनिटं, किती दिवस वाळवली, पॉलिश झाली का, पेवात होती की शीतगृहात, हे सगळं नोंदवहीत हवं. यातली कुठलीही एक गोष्ट बदलली की कर्क्युमिनचा आकडा बदलू शकतो आणि मग तो फरक जातीचा की शिजवण्याचा, हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही. बाजारातली पॉलिश केलेली हळद 'शुद्ध नमुना' म्हणून कधीही धरू नका, पॉलिशच्या वेळी रंग चढवलेला असू शकतो. वनस्पतीची ओळख पटवण्यासाठी पानांसकट, जमल्यास फुलासकट अख्खं झाड लागतं. नुसत्या हळकुंडावरून कुणी जबाबदारीनं ओळख सांगणार नाही. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे नमुना जमा करून क्रमांक घ्या. परीक्षक तो क्रमांक मागतात.

एकाच पोत्यातून तीनदा काढलेली पूड म्हणजे तीन नमुने नव्हेत. तीन शेतकऱ्यांच्या तीन प्लॉटमधला माल हे तीन नमुने. पुढे पेशींच्या प्रयोगातही हीच चूक होते, एकाच प्लेटमधले तीन खळगे तीन प्रयोग म्हणून मोजले जातात.

दळताना गिरणी तापू देऊ नका, थोडं थोडं थांबून दळा आणि एकाच जाळीच्या चाळणीतून सगळे नमुने चाळा. ओलाव्याची मेख वेगळी आहे. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर हळद ठेवली की पाण्याबरोबर बाष्पनशील तेलही उडतं, आणि ती सगळी घट ओलावा म्हणून नोंदली जाते. मसाल्यांसाठी टोल्युइनसोबत ऊर्ध्वपातन करून निघालेलं पाणी मोजायची पद्धत आहे, तीच वापरा. मग कर्क्युमिनचे आकडे कोरड्या वजनावर द्या. १२ टक्के ओलावा असलेल्या पुडीत ३.५ टक्के कर्क्युमिन आलं, तर कोरड्या वजनावर ते जवळपास ४ टक्के होतं. दोन गावांतला 'फरक' बऱ्याचदा एवढ्यातच विरून जातो.

आता स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र, जे जवळपास प्रत्येक महाविद्यालयात आहे. इथे एक आकडा पाठ असू द्या: इथेनॉलमध्ये ४२५ नॅनोमीटरवर एक टक्का द्रावणाचं शोषण १६०७ धरतात. म्हणजे मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅम असेल तर वाचन सुमारे ०.१६. आता हिशेब करा. ०.१ ग्रॅम पूड इथेनॉलमध्ये दोन-अडीच तास रिफ्लक्स केली (वाफ थंड होऊन परत भांड्यात पडेल अशी उकळली), गाळून १०० मिलिलिटर केली. पुडीत तीन टक्के कर्क्युमिनॉइड (कर्क्युमिन आणि त्याची भावंडं) असतील तर द्रावणात मिलिलिटरला ३० मायक्रोग्रॅम झाले. थेट वाचन ४.८ यायला हवं, ते कुठलंही साधं यंत्र नीट वाचू शकत नाही. दहापट पातळ केलं की ०.४८, हे वाचन भरवशाचं. ०.२ ते ०.८ या पट्ट्यातच राहा. उरलेला चोथा ताज्या इथेनॉलमध्ये पुन्हा उकळून बघा. दुसऱ्या अर्कात पहिल्याच्या एक-दोन टक्क्यांहून जास्त रंग आला तर तुमचा वेळ कमी पडतोय. कुप्या अंबर काचेच्या, नाहीतर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलेल्या. प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या उन्हातही कर्क्युमिन फिकं पडतं.

या यंत्राची मर्यादा मात्र नीट समजून घ्या. हळदीत कर्क्युमिन, डीमिथॉक्सीकर्क्युमिन आणि बिसडीमिथॉक्सीकर्क्युमिन असे तीन भाऊ असतात, आणि ४२५वर तिघांची बेरीज दिसते. मेटॅनिल यलोसारखा भेसळीचा रंगही त्याच पट्ट्यात शोषण करतो, म्हणजे भेसळ केलेली हळद 'जास्त कर्क्युमिनची' ठरू शकते! लेड क्रोमेट (शिशाचा पिवळा भेसळीचा रंग) तर इथेनॉलमध्ये विरघळतच नाही, त्यामुळे ते या चाचणीत दिसणारच नाही. त्यासाठी पूड नायट्रिक आम्लात मायक्रोवेव्ह डायजेशननं पचवून शिसं मोजावं लागतं. एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, हळदीतल्या शिशाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे. शिसं जास्त निघालं तर क्रोमियमही मोजा. वजनाचं प्रमाण चारास एकच्या आसपास आलं तर लेड क्रोमेटची शंका पक्की होत जाते, कारण त्या संयुगात ते प्रमाण तसंच असतं. आरोग्यासाठी हळदीचं उत्पादन बनवणाऱ्यानं कच्च्या मालावर ही चाचणी न करणं मला अक्षम्य वाटतं.

तिन्ही भाऊ वेगळे पाहायचे तर एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणारं यंत्र. सी-१८ कॉलम, लांबी २५० आणि व्यास ४.६ मिलिमीटर, अर्धं ॲसिटोनायट्राइल आणि अर्धं दोन टक्के ॲसेटिक आम्ल, मिनिटाला एक मिलिलिटर, ४२५वर वाचन. आधी बिसडीमिथॉक्सी, मग डीमिथॉक्सी, शेवटी कर्क्युमिन बाहेर येतं. आम्ल वगळू नका. कर्क्युमिन धातूंना धरून बसतं आणि आम्ल कमी झालं की शिखरांना शेपट्या फुटतात. नमुना निव्वळ मिथेनॉलमध्ये टोचला तर शिखर पुढून फुगतं, म्हणून तो मोबाइल फेजमध्ये, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या त्याच मिश्रणात, पातळ करा. गाळण्या बदलताना एकदा प्रमाणित द्रावण गाळून आणि न गाळता वाचून पाहा, काही पडदे कर्क्युमिन धरून ठेवतात. आणि '९५ टक्के' लिहिलेली बाटली म्हणजे शुद्ध कर्क्युमिन नव्हे, ते सहसा तिघांचं मिश्रण असतं. तीन वेगळी प्रमाणद्रव्यं घ्या. महाग आहेत, पण त्यांच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. यंत्र आपल्याकडे नसेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं कॉमन फॅसिलिटी सेंटर आहे, आणि देशभरातल्या यंत्रांसाठी आय-स्टेम पोर्टलवर वेळ मागता येतो.

पेशींवरच्या प्रयोगांत सगळ्यात जास्त फसगत होते. पीएच ७.२च्या फॉस्फेट बफरमध्ये, ३७ अंशांवर, सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) नसताना कर्क्युमिनचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो, हे १९९७ सालीच प्रसिद्ध झालं आहे. १० टक्के सीरम घातलं तर आठ तासांनी निम्मं उरतं. म्हणजे '२४ तास कर्क्युमिन दिलं' असं लिहिताना पेशींना प्रत्यक्षात काय मिळालं, हे तुम्ही स्वतः मोजलेलं हवं. पेशी वाढवायच्या तुमच्याच माध्यमात, पेशींशिवाय, ठरावीक वेळांनी एचपीएलसी करा. एक दिवसाचं काम आहे.

मूळ द्रावण डीएमएसओ या द्रावकात १० मिलिमोलर करा. हजारपट पातळ केलं की १० मायक्रोमोलर होतं आणि डीएमएसओ ०.१ टक्के राहतं. मात्रा वाढवत गेलात तर माध्यमात पिवळे कण बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली रोज पाहा, कारण अशा वेळी तळाशी बसलेल्या कणांचा परिणाम तुम्ही मात्रेचा समजता. एमटीटी या, जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या चाचणीत कर्क्युमिन स्वतःच एमटीटीचं क्षपण करू शकतं, मग मेलेल्या पेशीही जिवंत दिसतात. म्हणून प्रत्येक प्लेटवर तीन जादा ओळी ठेवा: पेशींशिवाय कर्क्युमिन आणि एमटीटी, पेशी आणि कर्क्युमिन पण एमटीटी नाही, आणि नुसतं डीएमएसओ. एमटीटी घालण्याआधी माध्यम काढून पीबीएसनं (फॉस्फेट बफरच्या खारट द्रावणानं) धुवा. शिवाय निष्कर्ष क्रिस्टल व्हायोलेटसारख्या वेगळ्या तत्त्वाच्या चाचणीनं पडताळा. हिरव्या प्रकाशावर चालणाऱ्या फ्लुरोसन्स चाचण्या, विशेषतः डीसीएफ वापरून ऑक्सिडेटिव्ह ताण मोजणं, कर्क्युमिनसाठी टाळलेलीच बरी. त्याची स्वतःची चमक तिथेच येते. अँटिऑक्सिडंट गुण मोजणाऱ्या डीपीपीएच चाचणीत ५१७वर जास्त मात्रेला रंगाची शेपटी लागते, ७३४वर वाचली जाणारी एबीटीएस चाचणी त्या मानानं सुरक्षित.

जिवाणूंवर आगर प्लेटमध्ये वर्तुळ लहान आलं म्हणजे कर्क्युमिन निष्प्रभ, असं म्हणता येत नाही. ते आगरमध्ये पसरतच नाही. द्रव माध्यमात पातळ करत जा आणि शेवटी वसाहती मोजा, गढूळपणा नको, कारण न विरघळलेलं कर्क्युमिनही गढूळ दिसतं. निळ्या प्रकाशात कर्क्युमिन जिवाणू मारतं, तेव्हा प्लेटवर दिवा होता की अंधार, हेही नोंदवा.

हळद आणि जखम हे नातं आपल्याकडे घरोघरी ठाऊक असल्यामुळे नॅनोतंतूंची मलमपट्टी हा लोकप्रिय विषय. विजेच्या दाबानं तंतू ओढताना पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे बहुवारिक १० ते १२ टक्के, १५ किलोव्होल्ट, सुईपासून संग्राहक १२ ते १५ सेंटिमीटर, ताशी एक मिलिलिटर, इथून सुरुवात करता येते. द्रावण पातळ असेल तर तंतूंत मणी पडतात. पावसाळ्यात, विशेषतः साताऱ्याच्या पश्चिमेकडे, खोलीत आर्द्रता कमी ठेवणारं यंत्र नसेल तर तंतूंची जाडी आणि पृष्ठभाग रोज वेगळा येतो. प्रत्येक धावेची आर्द्रता लिहा.

पट्टीतून कर्क्युमिन किती सुटतं, हा आलेख मी सर्वात साशंक नजरेनं वाचतो. नुसत्या पीबीएसमध्ये पट्टी बुडवली, ३० टक्क्यांवर रेषा सपाट झाली, आणि निष्कर्ष लिहिला: 'दीर्घकाळ संथ मुक्तता'. प्रत्यक्षात द्रावण संपृक्त झालेलं असतं, किंवा जेवढं सुटतं तेवढंच नष्ट होत असतं. पीबीएसमध्ये ०.५ टक्के ट्वीन-८० (विरघळायला मदत करणारा साबणासारखा पदार्थ) घाला आणि सगळी मात्रा सुटली तरी विद्राव्यतेच्या एक तृतीयांशाच्या आतच राहील एवढं द्रव घ्या. शेवटी पट्टी सगळा रंग निघेपर्यंत इथेनॉलमध्ये धुऊन उरलेलं मोजा. सुटलेलं अधिक उरलेलं मिळून ९५ टक्क्यांच्या आसपास येत नसेल तर बाकीचं कुठे गेलं, याचं उत्तर द्यावं लागेल. आयएसओ १०९९३-५ या वैद्यकीय साहित्याच्या मानकाप्रमाणे पेशी ७० टक्क्यांखाली आल्या तर साहित्य विषारी धरतात. पिवळ्या अर्कावर ही चाचणी करताना वरच्या तीन ओळी पुन्हा लागतात.

तोंडावाटे घेण्याच्या उत्पादनावर काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी समोर ठेवाव्यात. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं की दोन ग्रॅम कर्क्युमिन नुसतं घेतल्यावर रक्तात जवळजवळ सापडत नाही, सोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पिपरिन दिल्यावर उपलब्धता वीसपट वाढते. आणि २०१७च्या जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीतल्या आढाव्यात १२०हून अधिक चिकित्सा चाचण्यांचा उल्लेख करून लेखकांनी म्हटलं की दुहेरी-अंध, प्लासिबो-नियंत्रित अशी एकही चाचणी यशस्वी झालेली नाही. हा आढावा प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात घ्या, आणि तुमचं काम त्यातल्या कुठल्या आक्षेपाला उत्तर देतं ते लिहा. माणसांवर काही करायचं तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे चिकित्सा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी.

पेटंटचा विचार लेख पाठवण्याआधी व्हायला हवा. हळदीनं जखम भरण्याचं अमेरिकन पेटंट १९९५ला दिलं गेलं आणि सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेनं, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, जुने लेखी पुरावे सादर करून १९९७ला ते रद्द करायला लावलं. आधीच ठाऊक असलेली गोष्ट पेटंट होत नाही, हा नियम तुम्हालाही लागू आहे. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(पी) मुळे पारंपरिक ज्ञान पेटंट होत नाही, त्यामुळे 'हळदीची पट्टी' चालणार नाही. तंतूंची रचना, मुक्ततेचा वेग आवरण्याची युक्ती, टिकाऊपणा वाढवणारी पद्धत, यांत नवं काही असेल तर मागता येईल. देशी जैविक संसाधन वापरलं असल्यानं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रियाही विद्यापीठाच्या पेटंट कक्षाकडून समजून घ्या. परिषदेत पोस्टर लावण्यापूर्वी तात्पुरता अर्ज दाखल करा. पूर्ण अर्जासाठी त्यानंतर बारा महिने मिळतात, आणि तेवढ्यात हिवाळ्यातली एक काढणी बसते.